सतलजचे नाव, ऑरेंजचा काठ

दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या काठी आलीवाल नॉर्थ नावाचे एक लहानसे गाव आहे. नकाशावर हे नाव प्रथम वाचले तेव्हा वाटले, कुणी पंजाबी गृहस्थ तिकडे जाऊन स्थायिक झाला असावा! प्रत्यक्ष गेल्यावर कळले की, गृहस्थ पंजाबी नव्हे, साहेब होता. २८ जानेवारी १८४६ रोजी सतलजकाठच्या अलिवालला शिखांचा पराभव करणारे सर हॅरी स्मिथ पुढे केप वसाहतीचे गव्हर्नर झाले आणि १८४९ मध्ये वसलेल्या या गावाला त्यांच्या विजयाचे नाव मिळाले. मॉसेल बेला त्या काळी ‘आलीवाल साउथ’ म्हणत, म्हणून हे ‘नॉर्थ’. इथल्या जुआना चौकातल्या बागेला स्मिथसाहेबांच्या पत्नीचे नाव आहे.

संध्याकाळी पुलावर गेलो. आजची रहदारी १९३७ च्या हर्टझॉग पुलावरून चालते. त्याआधीच्या, १८८० च्या पुलाचे नाव विचारले, तर उत्तर आले, “फ्रियर ब्रिज.” मी चमकलोच. सर बार्टल फ्रियर म्हणजे साताऱ्याचे रेसिडेंट, मुंबईचे गव्हर्नर! सातारचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथला कारभार पाहणारे हेच साहेब पुढे, १८७७ मध्ये, हाय कमिशनर म्हणून आफ्रिकेत आले होते. घरापासून इतक्या दूर ओळखीचे माणूस भेटावे, आणि भेटून आनंद व्हावा की नाही तेच कळू नये, तसे झाले.

कारण सातारा इथेही होता. १८६९ साली याच गावी इंग्रज आणि फ्री स्टेटचे बोअर यांच्यात करार झाला. त्यात कॅलेडन नदीच्या पश्चिमेची सुपीक जमीन बोअरांकडे राहिली. जमीन मात्र होती बासोथो लोकांची! पुढे तीस-बत्तीस वर्षांनी बोअरांवरही पाळी आली. इंग्रजांनी इथे उभारलेल्या छावणीत त्यांची शेकडो बायकामुले दगावली. त्यांच्या स्मारकापाशी पाऊल आपोआप हळू पडते.

गावाची खरी कीर्ती मात्र गरम पाण्याच्या झऱ्यांची. आमच्याकडच्या वज्रेश्वरीसारखी इथेही दुखरे सांधे घेऊन माणसे येत.

या गावाला मालेत्स्वाय असे सेसोथो नावही आहे. त्या भाषेत ‘लेत्स्वाय’ म्हणजे मीठ. साहेबाने गावाला आपल्या लढाईचे नाव दिले. इथल्या माणसांच्या नावात मातीतले मीठ राहिले.

निघताना पुन्हा नदीवर गेलो. लेसोथोच्या डोंगरांत तिला सेंकू म्हणतात. इथे क्राय नदीला पोटाशी घेऊन ती पश्चिमेकडे, अटलांटिककडे निघते. कुणी कोणतेही नाव द्यावे, ती आपली वाहतेच आहे. गढूळ पाण्याकडे पाहताना मला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचा घाट आठवला. तिथेही कृष्णेला वेण्णा अशीच येऊन मिळते.