'साईटवर टाकलंय' म्हणजे जाहीर केलं असं होत नाही

"साईटवर टाकलंय, बघून घ्या." हल्ली कुठल्याही सरकारी कार्यालयात माहिती मागायला गेलं की हे उत्तर ठरलेलं. आणि ते खोटंही नसतं. टँकरची यादी असते, निविदा असते, अंदाजपत्रक असतं. उघडलं की कळतं, हा तर कागदाचा फोटो आहे. तिरका स्कॅन, आकड्यांवरच शिक्का, शिक्क्यावर सही. दीडदोनशे पानांत आपलं गाव शोधायचं तर एकेक पान डोळ्यांनी चाळायचं.

गंमत म्हणजे अशी यादी बहुतेक वेळा कॉम्प्युटरवरच तयार झालेली असते. मग तिची प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि चढवायची. शोधता येणारा मजकूर आपल्याच हातानं पुसून टाकायचा!

एका उन्हाळ्यात अशाच एका यादीतल्या टँकरच्या खेपा मी वहीत उतरवून काढल्या. तीन रात्री गेल्या. एकच टँकर, एकच तारीख, आणि दोन लांबलांबच्या गावांत जवळपास एकाच वेळी खेप. बातमी छापून आली तोवर पाऊस पडून टँकर बंद झाले होते. ती यादी एक्सेलमध्ये असती तर हे काम दहा मिनिटांचं होतं, आणि गावातल्या कॉलेजच्या पोरानंही केलं असतं.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला कॉपीवर खुणा करायला शिकवायचे. हा मथळा, हा उपमथळा, हा मजकूर चौकटीत. त्या खुणांना इंग्रजीत मार्कअप म्हणतात. वेबची भाषा एचटीएमएल हेच काम करते. टिम बर्नर्स-ली यांनी ती 1990 च्या सुमारास तयार केली. 1998 साली आलेलं एक्सएमएल त्याच कुळातलं. ही ओळ मथळा, हा तक्ता, हा रकाना गावाचा, तो खेपांचा, एवढं खुणेनं सांगितलं की पैठण तालुक्यातल्या सगळ्या खेपांची बेरीज यंत्र करून देतं. फोटोत अशी खूण नसते.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. 1991 साली युनिकोड आलं तेव्हापासून देवनागरीला त्यात जागा आहे. तरी आपली कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांत गेली. तिथं पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की नुसती खिचडी. कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. पीडीएफमधून युनिकोड मराठी कॉपी केली तरी पुष्कळदा वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात. कारण पीडीएफ मुळात पान जसं दिसतं तसं जपायला बनलेलं आहे.

त्यात आपल्या शहराचं नाव बदललं. 2023 आधीच्या कागदांत औरंगाबाद, नंतरच्यात छत्रपती संभाजीनगर. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहेच. अशा वेळी नावासोबत ठरलेला क्रमांक लागतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक 515 होता. असा क्रमांक प्रत्येक तक्त्यात असला तर जुने-नवे आकडे आपोआप जोडले जातात.

आणि ज्यांना डोळ्यांनी वाचताच येत नाही त्यांचं काय? अंध वाचक स्क्रीन रीडरवर ऐकतात. युनिकोड मजकूर असला आणि पान मराठीत आहे अशी खूण असली, तर ते सॉफ्टवेअर मराठी आवाजात वाचू शकतं. नुसता स्कॅन असला की त्याला वाचायला मजकूरच नसतो.

यावर उत्तर येतं, "लोक गैरवापर करतील." मतदार याद्यांबाबत हा वाद झालेला आहे. शोधता येतील अशा याद्या द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये फेटाळली. तिथं माणसांची नावं आहेत, पत्ते आहेत, म्हणून त्या वादाला दुसरी बाजू आहे हे मान्य. पण टँकरच्या खेपा, रस्त्याचं कंत्राट, वॉर्डाचा निधी यात कुणाचं खासगीपण आडवं येतं?

कायदा आपल्या बाजूचा आहे. माहिती अधिकार कायदा, 2005. कॉम्प्युटरमध्ये साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणं हे 'माहितीचा अधिकार' या व्याख्येतच येतं. कलम 7(9) म्हणतं, माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे द्यावी. अपवाद दोनच: कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल, किंवा मूळ अभिलेखाला धोका असेल. तयार फाईल ई-मेल करायला कसली आलीय साधनसामग्री?

तेव्हा पुढचा अर्ज कराल त्यात एवढं वाढवा:

"सदर माहिती संगणकात ज्या मूळ स्वरूपात साठवलेली आहे त्याच स्वरूपात (एक्सेल किंवा सीएसव्ही, मराठी मजकूर युनिकोडमध्ये) ई-मेलद्वारे मिळावी. छापील किंवा स्कॅन केलेली प्रत नको."

सही-शिक्क्याचा स्कॅनही ठेवा की साईटवर, कुणाची हरकत नाही. पण शेजारी मूळ फाईलही द्या. त्याला नवीन बजेट लागत नाही, नवीन यंत्रणा लागत नाही.

कुणी असा अर्ज करून फाईल मिळवली असेल तर खाली लिहा. नाकारली असेल तर काय कारण दिलं तेही लिहा. दोन्ही उत्तरं बाकीच्यांना उपयोगी पडतील.