आबांचं देणं

कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, तसंच माझ्या आईचंही. वर्धा नदीकाठच्या या गावात कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडी होते. त्या यात्रेला पाहुणे यायच्या आधी मामांच्या वाड्यातलं झुंबर धुवायला खाली उतरायचं. ते काम आबांचं. आबा वाड्यावरचे जुने गडी, शाळेची पायरी न चढलेले.

आढ्याच्या कप्पीवरून दोर सोडत ते झुंबर जमिनीपासून हातभर वर थांबवत, दोर खांबाला बांधत आणि खाली घोंगडी अंथरत. मग मला हाक मारत. "पोरी, एकाच अंगचे लोलक काढू नोको. इकडचा एक, तिकडचा एक. नाई तं झुंबर कलते." पितळी तारेची आकडी बोटाच्या टोकानं उघडायची, लोलक ओळीनं सुपात मांडायचे, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायचे आणि धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसायचे. घरातली पितळेची भांडी राखेनं घासली जात. पण काचेजवळ राख आणली की आबांचा आवाज चढे.

त्यामागचं कारण मला पुढे कळलं. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 साली नव्या स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं. तिच्यात शिसं मिसळू लागले. शिशामुळे काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते, म्हणून लोलकातून सातही रंग फुटतात. पण तीच काच मऊही होते. पैलू पाडायला सोपी, तशीच ओरखडायलाही. आबांना शिसं ठाऊक नव्हतं, पण त्या काचेचा नाजूकपणा बोटांना ठाऊक होता.

आज जुनी झुंबरं दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे. ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं पाहिली तेव्हा आबा सोबत हवे होते असं फार वाटलं. 1874 साली जयाजीराव शिंद्यांनी बांधलेल्या या वाड्यात एकेक झुंबर सुमारे साडेतीन टनांचं आहे. छत तेवढा भार पेलेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. एवढं ओझं समतोल टांगलेलं पाहून आबांनी आधी आढं न्याहाळलं असतं, लोलक नंतर.

आबांना या कामाचे वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत. यात्रेला नवं धोतर मिळे तेवढंच. मी मात्र तासावर मजुरी घेते. हे मला सलतं. त्यांचा नातू अमरावतीत वायरमन आहे. मेणबत्तीच्या झुंबरात दिवे बसवायचे असले की पितळी नळीतून बारीक वायर ओढायचं काम मी त्यालाच देते, आणि भाव तो सांगेल तो.