दिसंना झालं

अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा पसरून त्यावर तुला ठेवलं आहे. शिवाजी पेठेतली माडी. पश्चिमेची खिडकी. दुपार.

एक स्क्रू. दुसरा. तिसरा. रोलच्या काळ्या डबीत पडतात, टिक्, टिक्. घरात तेवढाच आवाज.

वरचं झाकण निघालं. आत एक काटा. केसाएवढा. निजलेला.

तू जपानी कॅमेरा, १९६७ च्या घराण्यातला. बॅटरी तुला कधी लागली नाही. भिंगाभोवती काचेच्या मण्यांचं कडं, त्यामागे सेलेनियम, आणि वर पडेल ते ऊन; एवढ्यावर तू जगलास. १८१७ साली बर्झेलियसनं त्या मूलद्रव्याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचं नाव दिलं. चंद्र पोटात घेऊन तू सूर्य मोजत होतास.

आणि किती मोजलास! रंकाळ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या संध्यामठावरचं कललेलं ऊन, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हाऊन गुलाबी झालेलं ऊन, गुऱ्हाळाच्या काहिलीवर वाफेत अडकून पडलेलं, पंचगंगेच्या घाटावर ओल्या पायऱ्यांवरून घरंगळणारं, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडणाऱ्या आईच्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगातलं ऊन, आणि त्या प्रत्येक उन्हाला हा काटा थरथरत उठला, वाकला, क्षणभर थांबला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन निजला.

संध्याकाळी, उजेड सरला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पान वर यायचं. चाप अडायचा. अण्णा तुला चामड्याच्या पिशवीत घालायचे.

"ह्येला दिसंना झालं. चल घरला."

आता भर दुपारी लाल पान.

तारा जोडल्या. खिडकीतलं सगळं ऊन तुझ्या तोंडावर धरलं. मल्टिमीटरवर शून्य. दिवा जवळ आणला. शून्य.

काट्यावर हलकी फुंकर घातली. तो हलला! हलला, आणि पुन्हा निजला. म्हणजे काटा शाबूत आहे. त्याला हाक येत नाही, एवढंच.

हे गाव कॅमेऱ्याचं. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः कॅमेरा घडवला, १९२० साली 'सैरंध्री' आली. त्या कॅमेऱ्याच्या पोटात काटा नव्हता. उजेड चित्रकाराच्या डोळ्यानं मोजला जायचा. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ ओलांडताना मनात येतं, मीही तसा मोजेन. फोटो येईलही. पण मला फोटो नको आहे. मला ते लाल पान खाली गेलेलं बघायचं आहे.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं सेलेनियम मिळतं. बसवता येतं. मी नाही बसवलं. त्यानं ही उन्हं पाहिलेली नाहीत. त्यानं आईचा भांग पाहिलेला नाही.

खिडकीतलं ऊन धोतरावरून सरकत गेलं. आधी डबीवर, मग झाकणावर, मग तुझ्या उघड्या काळजावर. मी हात आवरून बसून राहिलो. ते गेल्यावर स्क्रू मोजले आणि तुला मिटलं.

९ नोव्हेंबरला किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत. पुढचे दोन दिवस वर वर चढत जातात. सारं गाव श्वास धरून उजेड मोजतं. इथवर आला. कमरेपर्यंत आला. मुखावर आला.

त्या संध्याकाळी मी महाद्वार रोडच्या कडेला उभा होतो. तू गळ्यात. पाठीमागून येणारं ऊन माणसांच्या खांद्यांवरून आत निघालं होतं. मी मागे वळलो, तुला सूर्यासमोर धरलं. काचेचं कडं पेटल्यासारखं झालं, मणी न् मणी.

चाप दाबला.

लाल पान वर आलं.