बुद्धाच्या नावाने कल्लोळ

ग्रेटर नोइडाच्या सपाट माळावर शर्यतीचे मैदान आहे, तेही बुद्धाच्या नावाचे! येथे २४ सप्टेंबर २०२३ रोजी मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. उकाडा असा, की फेऱ्या २४ वरून २१ वर आणल्या. इटलीचा बेझेक्की जिंकला.

माझ्यासोबत कोल्हापूरचा एक विद्यार्थी होता. मराठी वर्तमानपत्रांत या खेळाला चार ओळी मिळाल्या तर नशीब. म्हणून हा स्वतःच वृत्तांत लिहून मित्रमंडळींना धाडतो. वळणावर स्वार गुडघा टेकवून गाडी निजवतात, त्यावर त्याने लिहिले, ‘गाडीने जमिनीला कान लावला.’ माझी लाल शाई खिशातच राहिली.

२०२४ ची इथली शर्यत रद्द झाली. पठ्ठ्या आता अमेरिकेतली शर्यत रात्र जागून पाहतो, आणि सकाळी वृत्तांत हजर!