पानी चलेगा

"मैं चाय नहीं पीता हूँ," तो म्हणाला आणि गप्प बसला. समोर मी, हातात नसलेला ट्रे धरून उभी. त्याच्या शेजारचा मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"अरे, असं दाणकन नाही सांगायचं," मी म्हणाले. ते मराठीतून निघालं, म्हणून पुन्हा हिंदीतून म्हणाले.

ही २०१३ सालची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत यूटामधल्या प्रोव्हो गावी राहत होतो. डोंगराच्या पायथ्याशी ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आणि त्याला लागूनच मॉर्मन चर्चचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र. गावात सगळे त्याला एमटीसी म्हणतात. व्हिसासाठी खोळंबलेल्या मुलांना तोवर स्पॅनिश शिकवावं, म्हणून १९६१ साली याची सुरुवात झाली. मी पाहिलं तेव्हा तिथे पन्नासेक भाषा शिकवल्या जात होत्या. हिंदी त्यांतलीच एक. शेजारीण त्या चर्चची होती. तिने विचारलं, हिंदी बोलतेस ना? पोरांना सरावाला खरी माणसं हवी आहेत, तासभर येशील? मी हो म्हटलं. माझं हिंदी दादर स्टेशनवरचं आहे, हे तिला कुठून कळणार?

तेव्हा तिथे गर्दी उसळलेली होती. आदल्या ऑक्टोबरात चर्चने वयाची अट खाली आणली होती, मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९. त्यामुळे जगभरातल्या मिशनऱ्यांची संख्या वर्षभरात ५८ हजारांवरून ८० हजारांच्या वर गेली. दर बुधवारी दुपारी केंद्राच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागायची. गाडी थांबली की डिकीतून दोन बॅगा बाहेर, आईची मिठी, बापाची मिठी, की पुढची गाडी. दोन मिनिटांत सगळं आटपायचं. मुलांना दोन वर्षं आणि मुलींना दीड वर्ष घरी यायचं नाही. फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्यातून एकदा ईमेल. (फोनचा नियम २०१९ मध्ये सैल केला, आता दर आठवड्याला बोलता येतं.) माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. एका बुधवारी फिरून परतताना मी एका बाईला गाडीत बसून सीटबेल्ट लावता लावता थांबलेलं पाहिलं. पट्टा हातात तसाच. मागच्याने हॉर्न मात्र वाजवला नाही.

आत गेलं की पहिलं नाव सुटतं. छातीवरच्या काळ्या पाटीवर फक्त आडनाव, त्याआधी मुलगा असेल तर एल्डर, मुलगी असेल तर सिस्टर. अठराव्या वर्षी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा! साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला, आणि तो कायम नजरेच्या नि हाकेच्या टप्प्यात हवा. माझ्याकडे आलेल्या जोडीतला एक आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला, दुसरा ॲरिझोनाचा. एरवी दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते.

सरावाची खोली म्हणजे मांडून ठेवलेला दिवाणखाना. सोफा, टेबल, दिवा. मी घरची बाई. त्यांनी दार वाजवायचं, आत यायचं, प्रार्थना म्हणायची आणि धर्म समजावून सांगायचा. तोही हिंदीत, आणि हिंदीची ओळख होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले! इंग्रजीतून सांगण्यासारखं जे होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं आणि जिभेपाशी अडायचं. 'ट' आणि 'त' एकच. 'ने' कुठे लावायचा, हे कोडं. मला 'बहन' म्हणायचे. मी म्हटलं, मी तुमच्या आईच्या वयाची नसले तरी आंटीच म्हणा, बरं पडेल.

एकदा आयडाहोवाला म्हणाला, "पवित्र आत्मा आती है।" मी लगेच टोकलं, "आता है." बिचाऱ्याने वही उघडली, बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आंटी, यहाँ लिखा है, स्त्रीलिंग।" आत्मा मराठीत तो, हिंदीत ती. इतकी वर्षं हिंदी सिनेमे बघून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायचा थांबेना.

'प्रायश्चित' मात्र मला व्याकरणापलीकडे अडलं. यीशु ने हमारे पापों का प्रायश्चित किया, हे वाक्य त्यांनी घोटून पाठ केलं होतं. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं असतं. पाप माझं आणि पंचगव्य शेजाऱ्याने प्यायचं, असं कधी ऐकलं नाही. मी विचारलं, "गलती मेरी, तो प्रायश्चित वो क्यों करेगा?" दोघं एकमेकांकडे बघू लागले. घड्याळ ऐकू येत होतं. शेवटी आयडाहोवाला म्हणाला, "क्योंकि... प्यार है।" पुढे मी काही विचारलं नाही. पटलं म्हणून नव्हे, त्याचे कान लाल झाले होते म्हणून.

धर्मांतराचा विषय निघाला की माझ्या कपाळावर आठी येते, ती तिथेही आली. मी या मुलांना कशाला मदत करते आहे, असं वाटायचं. पण दर वेळी आजोबा आठवायचे. पुण्यात शिकताना त्यांनी माधुकरी मागितली होती. दारात उभं राहायची लाज गिळायला पहिले आठ दिवस लागले, असं ते सांगत. इथे तर मागायचंही नव्हतं. महिन्याचे चारशे डॉलर घरचेच भरत होते. फक्त दार वाजवायचं आणि बहुतेक वेळा ते तोंडावर बंद झालेलं बघायचं. ते शिकवायला शिक्षक होते, त्यांच्यातले बरेच स्वतः दोन वर्षं दारं वाजवून आलेले.

आणि चहा. मॉर्मनांना चहा-कॉफी वर्ज्य. आपल्या घरात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी एक अख्खा तास त्यावर घालवला. नाही म्हणताना हात जोडायचे. "तकलीफ मत कीजिए" म्हणायचं. बाई दुसऱ्यांदा विचारणार, तिसऱ्यांदाही विचारणार, तेव्हा चिडायचं नाही. आणि काहीतरी घ्यायचंच, नाहीतर तिला घास उतरणार नाही. पानी चलेगा, म्हणायचं.

आयडाहोवाला फिजीला निघाला होता. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर ऊसमळ्यांत नेलेल्या माणसांची नातवंडं-पणतवंडं तिथे राहतात. त्यांचं हिंदी भोजपुरी-अवधी वळणाचं. 'आप' आणि 'हूँ' घोकून निघालेला हा पोरगा पहिल्याच घरात गडबडणार, असं मी त्याच्या शिक्षकाला म्हणाले. "शिकेल," तो म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात दोघं आले. या वेळी दाराशी बूट काढले. मी न सांगता. आयडाहोवाल्याचा एक मोजा अंगठ्यापाशी फाटला होता.

"चाय लेंगे?"

त्याने हात जोडले. "तकलीफ मत कीजिए, आंटी."

"थोडी सी?"

"आज नहीं. पानी चलेगा."

कोपऱ्यात बसलेल्या शिक्षकाने भुवई उंचावली. त्याचं हिंदी शुद्ध होतं. हे 'चलेगा' कुठून आलं, असं त्याने विचारलं. आयडाहोवाल्याने वही पुढे केली. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेलं, खाली दोन रेघा. मी खिडकीकडे बघत राहिले. मग उठले आणि बाहेरच्या नळावरून खरंच दोन ग्लास पाणी आणलं.