भालकी ते बिदर, छोट्या गाडीतून

भालकीच्या बसस्टँडजवळ अर्धा तास उभं राहिलं की आपल्या भागाचा नकाशा नंबरप्लेटांवर वाचता येतो. केए ३८ म्हणजे बिदर, केए ३९ खुद्द भालकी, केए ५६ बसवकल्याण, केए ३२ कलबुर्गी. त्यांच्यातच एमएच २४ लातूरची, एमएच २५ धाराशिवची, एमएच २६ नांदेडची. अधूनमधून तेलंगणाची टीएस किंवा नवी टीजी. गाड्या तीन राज्यांच्या, पण आतली माणसं बहुतेक एकमेकांची पाहुणीच असतात. कुणाची आत्या उदगीरला दिलेली, कुणाचं आजोळ उमरग्याला, कुणाचा मुलगा हैदराबादला नोकरीला.

याचं कारण जुनं आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात बिदर हा एकच मोठा जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. सोयरिकी मात्र होत्या तिथंच राहिल्या. म्हणून आमच्याकडं साखरपुडा असो की तेराव्याचं जेवण, अर्धी माणसं राज्याची हद्द ओलांडून येतात, आणि आम्हीही तसेच जातो. इथं गाडी घेताना हा हिशेब आधी डोक्यात येतो.

मी मूळचा भालकीचा. कलबुर्गीला बीई केलं, आठ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि २०२१ मध्ये घरी परतलो. आईवडील इथं, घर इथं, थोडी शेती इथं. बिदरमधल्या एका संस्थेचं सॉफ्टवेअरचं काम मिळालं. पगार पुण्यापेक्षा बराच कमी, पण घरभाडं नाही आणि मुलगी आजीआजोबांजवळ वाढते. बायकोलाही बिदरमध्येच नोकरी लागली. प्रश्न उरला तो रोजच्या जाण्यायेण्याचा. भालकी ते बिदर साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे रोजचे ऐंशी.

त्या वर्षी आम्ही ऑल्टो घेतली. ७९६ सीसीचं इंजिन, पांढरा रंग, रस्त्यावर येईपर्यंत पाच लाखांच्या आत. गल्लीत बोलणं झालंच. "पुण्यात इंजिनिअर होता म्हणे, आणि आणली काय तर ऑल्टो!" आमच्याकडं लग्नात मांडवाबाहेर कुणाची कोणती गाडी उभी आहे, यावर बरंच काही ठरतं. वडिलांनी एकाच वाक्यात विषय संपवला, "बैल घेताना शिंगं बघत नसतात, वैरण किती खातो ते बघतात."

वैरणीचा हिशेब असा. महिन्याला २२ दिवस रोजचे ऐंशी किलोमीटर, म्हणजे १७६० किलोमीटर. मी टाकी फुल ते टाकी फुल अशी नोंद ठेवतो. हिवाळ्यात गाडी लिटरला एकवीसपर्यंत जाते, मे महिन्यात एसी चालू ठेवला की अठरावर येते. सरासरी वीस धरा. लिटरमागं शंभर रुपये धरले तर ८८ लिटरचे ८,८०० रुपये होतात. हेच अंतर बारा किलोमीटर देणाऱ्या मोठ्या गाडीनं कापलं तर जवळजवळ १४७ लिटर लागतात, म्हणजे १४,७०० रुपये. महिन्याला सुमारे सहा हजारांचा, वर्षाला सत्तर हजारांचा फरक. पाच वर्षांत साडेतीन लाख! मोठ्या गाडीचा जादा हप्ता, जादा विमा आणि महागडे टायर यात धरलेलेच नाहीत. पुण्याचा पगार सोडून गावी राहायचं तर हा फरक म्हणजे मुलीच्या शाळेची फी आणि वडिलांची औषधं.

आता तुम्ही म्हणाल, बस आहे की! आहे, आणि चांगली आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. तिकडं महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे माझी आई उदगीरला निघाली की हद्दीच्या अलीकडं एक नियम आणि पलीकडं दुसरा. बायको मला चिडवते, "मला बस फुकट आहे, तुझ्याच पेट्रोलचे पैसे लागतात." मी लवकर निघतो तेव्हा ती खरंच बसनं जाते, आणि त्या दिवशी घरखर्चाच्या वहीत तिची बाजू वर असते. एकट्या माणसाला बसपेक्षा कार स्वस्त पडत नाही, कितीही ॲव्हरेज देवो. गाडीत तीन-चार माणसं बसली, किंवा वेळ आपल्या हातात नसली, की चित्र बदलतं. म्हणून बिदरला नोकरी करणारे गल्लीतले दोघं रोज आमच्याबरोबर असतात आणि पेट्रोलचा वाटा देतात.

हा रस्ता तुम्ही एकदा सकाळी पाहावा. भालकीकडची रानं काळी. तूर, सोयाबीन, मूग, उडीद आणि पाणी असेल तिथं ऊस. बिदर जवळ येतं तसा चढ लागतो, माती लाल होते आणि जांभ्याच्या पठारावर गाडी येते. बिदरचा किल्ला याच जांभ्याचा. नौबादच्या भागात जमिनीखालून पाणी वाहून नेणारा जुना करेज आहे. पर्शियातली ही रीत बहामनी काळात इथं आली. शहरात महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा. त्याच्या उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. शनिवारी अर्धा दिवस काम असलं की मुलीला घेऊन जातो आणि परतताना अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरींपाशी थांबतो. डिकीत आईनं दिलेली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते. तिथल्या चिंचेखाली ती हॉटेलातल्या जेवणापेक्षा गोड लागते.

पण हा रस्ता वेगात जाण्याचा नाही. सुगीत सोयाबीनचे ढीग डांबरावर वाळत पडलेले असतात, जानेवारीत तुरीचं खळं रस्त्यालाच लागतं. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय समोर येतात. माझ्या गाडीत ऐंशीच्या पुढं काटा गेला की टुंग टुंग वाजतं. जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ही सूचना सक्तीची आहे. त्या आवाजाची गरज फारशी पडत नाही, कारण हिशेबच वेगाच्या विरोधात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. सत्तरवरून नव्वदवर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि चाळीस किलोमीटरमध्ये वाचतात जेमतेम सात-आठ मिनिटं. आमच्या फाट्यावरचा चहावाला निघताना प्रत्येकाला सांगतो, "सावकाश होगरी." क्रियापद कानडी, पण "सावकाश" दोन्हीकडचा. या भागात अशी बरीच वाक्यं ऐकायला मिळतात.

२०२३ च्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली. गाडी दारात होती. मागच्या सीटवर आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बायको मुलीला घेऊन घरी थांबली, आणि आम्ही बिदर गाठलं. त्या रात्री धुकं होतं, ट्रॉल्या होत्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा हे चाळीस किलोमीटर लांब वाटले. दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून त्यांना कलबुर्गीला हलवलं, तिथं ॲन्जिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की अशा वेळी १०८ ला फोन आधी लावायचा, कारण ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो आणि वाटेत बघणारं माणूस असतं. वाचकांनी हे लक्षात ठेवावं. कोणतीही गाडी, छोटी की मोठी, ॲम्ब्युलन्सची जागा घेत नाही.

गाडीचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. दर तीन महिन्यांनी तपासणी. भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी. एका बाजूनं शंभरेक किलोमीटर. सत्तरीच्या माणसाला बस बदलत, उभं राहत नेणं आता शक्य नाही, आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. ऑल्टोत पुढची सीट मागं सरकवून ते बसतात आणि वाटेतलं प्रत्येक गाव ओळखतात. हुमनाबादला आलं की माणिकनगरला पाच मिनिटं थांबायचं, हा त्यांचा नियम. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. त्यांनी मराठीत, कानडीत आणि हिंदीतही पदं केली. कलबुर्गीत तपासणी लवकर आटोपली तर किल्ल्यातली जामा मशीद बघायची. १३६७ ची ही मशीद पूर्ण छताखालची आहे, आपल्याकडच्या मशिदींत असतं तसं मोकळं अंगण तिला नाही. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानानं राजधानी कलबुर्गीहून बिदरला हलवली. सगळा दरबार ज्या वाटेनं हलला असेल, त्या वाटेनं आम्ही वडिलांचा ईसीजी घेऊन दोन-अडीच तासांत जातो.

कलबुर्गीहून एकदा आम्ही गाणगापूरलाही गेलो. भीमा आणि अमरजेच्या संगमावर, निर्गुण मठात. महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्यांची तिथं एवढी रांग असते की आपण कर्नाटकात आहोत हे दुकानांच्या पाट्यांवरूनच कळतं. दुसऱ्या टोकाला उदगीर. एप्रिल २०२२ मध्ये तिथं ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आम्ही चौघं ऑल्टोतून गेलो आणि येताना डिकी पुस्तकांनी भरून आणली. ज्या तालुक्यापासून १९५६ मध्ये आम्ही वेगळे झालो, तिथल्या मांडवात बसून आई दिवसभर मराठी ऐकत होती. त्या दिवसाचं पेट्रोल पाचशे रुपयांच्या आत होतं.

छोट्या गाडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती हलकी असते, आणि समोरून जड वाहन आलं तर हलक्या गाडीला जास्त सोसावं लागतं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या काही छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलची टक्कर-चाचणी घेतली. ऑल्टो ८०० आणि नॅनो यांना एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम बदलले. २०१९ मध्ये एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढं शेजारच्या सीटचीही. म्हणून जुनी गाडी घेणार असाल तर किमतीआधी तिचं साल बघा. आणि मागच्या सीटवरही पट्टा लावा. आमच्या गाडीत मुलीनं पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, ही सवय आजोबांनाही लागली आहे.

परवडणाऱ्या गाडीची ही वाट आपल्या देशात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० नं सुरू केली. २००९ मध्ये आलेल्या नॅनोनं ती लाखाच्या घरापर्यंत नेऊन पाहिली. पावसात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब बसलेलं रतन टाटांनी पाहिलं आणि ही कल्पना सुचली, असं ते सांगत. नॅनो २०१८ मध्ये थांबली, "लाखाची गाडी" हा शिक्का तिला नडला असं बरेच जण म्हणतात. स्वस्त म्हणवलेली वस्तू घ्यायला आपल्याला लाज वाटते, हे आमच्या गल्लीतही दिसलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं यंदा पुष्कळ घरांत पहिल्या गाडीचा विषय निघाला असेल.

त्या घरांसाठी सीमाभागातली एक सूचना. तुमची गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असेल आणि तुम्ही कर्नाटकात किंवा कर्नाटकातून दुसरीकडं राहायला गेलात, तर बारा महिन्यांहून जास्त मुक्काम झाल्यावर मोटार वाहन कायद्याप्रमाणं नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तिथला कर भरावा लागतो. सोयरिकीला, सणाला येणंजाणं असेल तर ही अडचण नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीत असाल, तर २०२१ पासून मिळणारा बीएच मालिकेचा नंबर चौकशी करण्यासारखा आहे. बदलीच्या नोकरीत ती कटकट वाचते.

आमच्या ऑल्टोचे आता ऐंशी हजारांच्या वर किलोमीटर झालेत. क्लचप्लेट एकदा बदलली, टायर एकदा, बाकी दर वर्षीचं ऑइल आणि फिल्टर. दारावर ट्रॉलीतला ऊस घासून गेल्याची एक रेघ आहे, ती तशीच ठेवली आहे. येत्या सोमवारी वडिलांची तपासणी आहे. हवा भरून ठेवली आहे, आणि या खेपेला त्यांना बसवकल्याणवरून जायचं आहे. थोडा वळसा पडेल, पण तिथल्या एका जुन्या मित्राला त्यांना भेटायचं आहे.