अंगणातली गाडी की रस्त्यावरची?

मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात प्रुफं तपासत बसले होते. "अगं, गाडी घेतोय. चार दिवस रजा काढ आणि ये." मला वाटलं, निवृत्त झालाय, फंडाचे पैसे हातात आलेत, घेत असेल एखादी छोटीशी मारुती. त्यासाठी भाचीला मुंबईहून मैसूरला कशाला बोलवायचं? तर म्हणाला, "हेराल्ड घेतोय. टप उघडणारी."

पाठीमागून मामीचा आवाज ऐकू आला, "तिला सांगा, अजून काही ठरलेलं नाही म्हणून!"

मामा मूळचा मिरजेचा. मैसूरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून लागला आणि छत्तीस वर्षांनी सुपरवायझर होऊन बाहेर पडला. मिरजेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांची साय रंगाची उघडी हेराल्ड उभी असायची. शाळेतून येताना तिच्या बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय मामा पुढं जायचा नाही, हे आजीनं आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. त्या हात फिरवण्याची किंमत आता काही लाखांत मोजायची वेळ आली होती.

आपल्याकडं स्पोर्ट्स कार म्हटलं की संस्थानिक आणि बडी घराणी आठवतात. एमजी, जग्वार या गाड्या त्यांच्याच दारात. पुढं आयातीवर निर्बंध आले आणि मध्यमवर्गाच्या वाट्याला ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढंच उरलं. त्यातली हेराल्ड जरा नखरेल. इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटीनं तिची ठेवण आखली, १९५९ मध्ये ती इंग्लंडात आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती इथं बनवायला घेतली. इंजिन अवघं ९४८ सीसीचं. पण तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे हेराल्ड ही तिची सख्खी मोठी बहीणच. बॉनेट पुढच्या बाजूनं अख्खं उघडतं, पुढची चाकंसुद्धा मोकळी दिसतात. पंचवीस फुटांत गाडी पुरती वळते. आणि टप बोल्टनं बसवलेला, त्यामुळं तो उतरवून गाडी उघडी करायची हौस अनेकांनी भागवून घेतली. पुढं १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनली खरी, पण मामाच्या पिढीची स्पोर्ट्स कार म्हणजे टप काढलेली हेराल्डच.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्याला दहा-बारा किलोमीटरवर वरुणा हे गाव लागतं. मोठं तळं, कडेला पाणपक्षी, पलीकडं भात आणि नारळ. गावाबाहेरच्या एका वाडीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागं पत्र्याची शेड होती. मालकानं ताडपत्री ओढली आणि मामा एकदम गप्प झाला.

१९६८ ची हेराल्ड. अठरा वर्षं जागची हललेली नव्हती. चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड, वायरिंगच्या चिंध्या. पण काचा शाबूत होत्या, टप जागेवर होता, आणि बॉनेट उचललं तर इंजिन जिथल्या तिथं. किंमत एक लाख दहा हजार.

मामानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. चुंबक धरत नाही तिथं आत पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली आहे असं समजायचं. दाराखालच्या पट्ट्यांवर ते धरत नव्हतं. मग हा एकसष्ट वर्षांचा गृहस्थ पोतं अंथरून गाडीखाली शिरला. हेराल्डची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली. घरच्या घरी गाडी सुटी करायची तर हे सोयीचं. पण चासीचे बाजूचे हात गंजले की सगळी बॉडीच खाली बसते. मामा बाहेर आला तेव्हा केसांत गंजाचा भुगा होता आणि चेहरा नुकत्याच बाप झालेल्या माणसासारखा.

"मधला कणा ठणठणीत आहे. बाजूचे हात करून घेता येतील," तो म्हणाला. "दोन वर्षांत रस्त्यावर आणतो."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

माझ्या बाबांनी १९९८ मध्ये कोल्हापुरात एक जुनी फियाट अशीच 'करायला' घेतली होती. मी शाळकरी होते. पहिल्या वर्षी इंजिन उतरलं, उद्यमनगरात जाऊन क्रँक ग्राइंड होऊन आला. नट-बोल्ट डालड्याच्या डब्यांत, डब्यांवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठ्या. दुसऱ्या वर्षी बहिणीचं कॉलेज निघालं, तिसऱ्या वर्षी घर गळायला लागलं, नंतर बाबांना मधुमेह. गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. आम्ही तिच्यात बसून घरघर खेळलो, आईनं तिच्यावर पापड वाळवले. २०११ मध्ये बाबा गेले. त्याच वर्षी भंगारवाल्यानं ती वजनावर नेली. डालड्याच्या डब्यांतला एकही बोल्ट परत गाडीला लागला नाही.

हे मी शेडमध्ये बोलले नाही. मामीनं माझ्याकडं पाहिलं फक्त. तिनंही ती गाडी पाहिली होती.

दुपारी दुसरी गाडी पाहिली, मैसूर शहरातच. हीसुद्धा हेराल्ड, उघडी, गडद निळी, चालू. मालकानं सहा वर्षं खपून तयार केलेली. मागणी साडेचार लाखांची. मामा हिच्याकडं जरा परक्यासारखाच बघत होता, पण तपासणीत त्यानं कसूर केली नाही. इंजिन थंड आहे ना, ते हात लावून पाहिलं, कारण आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाची दुखणी लपतात. सुरू केल्यावर मागं निळा धूर येतो का पाहिलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडला. मग आम्हा दोघींना बसवून गाडी चामुंडीच्या डोंगरावर नेली. चढाला रेडिएटर तापला नाही, पण उतारावर दुसरा गिअर दोनदा सुटला. मामानं तो वहीत टिपला आणि भाव तीस हजारांनी खाली आला.

कागदांचं एक मात्र बजावून सांगते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. टप काढलेल्या पुष्कळ गाड्यांच्या आरसी बुकात अजून 'सलून' असंच लिहिलेलं असतं, आणि मग हस्तांतराच्या वेळी घोडं अडतं. या निळ्या गाडीच्या मालकानं तो बदल पूर्वीच रीतसर नोंदवून घेतला होता. वरुण्याची गाडी तर शेडच्या मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर. आधी ती वारसांच्या नावावर व्हायची, मग मामाच्या.

मामाला आणखी एक आशा होती. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. मामीला सोमवारी नंजनगूडच्या देवळात न्यायचं तर साधी नोंदणीच हवी, म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याची फीदेखील एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि पुढं आणखी वाढली.

रात्री जेवणं झाल्यावर मामानं वहीत दोन रकाने पाडले. वरुण्याच्या गाडीच्या खाली: गाडी एक लाख दहा हजार, पत्राकाम आणि रंग दीड लाख, इंजिन सत्तर हजार, ब्रेक आणि टायर पंचेचाळीस, वायरिंग वीस, सीट आणि टप चाळीस, वरखर्च पंचवीस. बेरीज चार लाख साठ हजार. निळ्या गाडीच्या खाली चार लाख वीस.

"म्हणजे स्वस्तातली गाडीच महाग पडतेय," मी म्हटलं.

"पण ते पैसे एकदम लागणार नाहीत. आणि निम्मं काम तर मीच करणार."

"मामा, अजून एक रकाना घाल. वर्षांचा."

त्यानं 'दोन' लिहिलं. मी काही बोलले नाही. जरा वेळानं त्यानंच ते खोडून 'चार' केलं. कोल्हापूरची फियाट त्यालाही आठवली असणार. तिचं गिअरबॉक्स उतरवायला तोच आला होता.

मग मामी बोलली. "अहो, तुम्ही हातानं काम कराल, त्याचा मला आनंदच आहे. पण चार वर्षांनी माझे गुडघे त्या बुटक्या गाडीत बसू देतील का? मला आत्ता बसायचंय."

छत्तीस वर्षांत मामीनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मामानं वही मिटली.

निळी गाडी घेतली. मी मुंबईला परतले ती थोडी अपराधी भावना घेऊनच. बाबांच्या गाडीचा हिशोब मी मामाकडून चुकता करून घेतला की काय? सुपरवायझर होऊन बाहेर पडलेल्या माणसाला आयती गाडी देणं म्हणजे सुगरणीला डबा लावून देण्यासारखं. शेडमधला त्याचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पण दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "तयार गाडी म्हणे! अगं, पुढच्या चाकांच्या सांध्यात गिअर ऑइल घालायचं असतं, तिथं त्यानं ग्रीस कोंबलंय. असंच चाललं असतं तर सांधा तुटून चाक निखळलं असतं. दोन्ही बाजू उघडल्यात. गिअरबॉक्स पुढच्या महिन्यात." आवाजात तक्रार होती आणि सुख ओसंडत होतं. दर सोमवारी मात्र गाडी जोडून तयार असते, असं मामीनं मागून सांगितलं.

मग मला उमगलं, 'तयार' जुनी गाडी अशी नसतेच. फरक एवढाच की एकीत तुम्ही काम करता करता फिरता आणि दुसरीत काम संपल्यावर फिरणार असता. तुम्हीही अशा फेऱ्यात पडलात तर खर्चाच्या दोन रकान्यांशेजारी वर्षांचा तिसरा रकाना जरूर पाडा, आणि तो भरताना घरातल्या माणसाला शेजारी बसवा. वय हाताशी असेल, आडोशाची जागा असेल, महिन्याला थोडा पैसा आणि रविवारचे चार तास खात्रीनं निघत असतील, तर जरूर शेडमधली गाडी घ्या. त्यातला आनंद दुसऱ्या कशात नाही, हे मी मामाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. यातलं एक जरी कमी असेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी वर्षांची किंमत मोजून त्याची गाडी घ्या. ती महाग वाटते, पण असते रास्त.

फोन ठेवता ठेवता मामा म्हणाला, "वरुण्याची गाडी गेली बरं का. बंगळूरचा एक मुलगा टेंपोत घालून घेऊन गेला. मी गेलो होतो बघायला."

"कसा होता मुलगा?"

"सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याला सांगितलंय, डब्यांवर चिठ्ठ्या लाव, आणि एक डबा रिकामा झाल्याशिवाय दुसरा उघडू नको." थोडं थांबून म्हणाला, "लावेल उभी. त्याच्याकडं वेळ आहे."